घरातल्याच वस्तूंचे अमूर्त फोटो काढायचे आहेत, विषय सुचवा

नमस्कार मंडळी,
आजवर पक्षी आणि फुलंच काढत आले. आता अमूर्त फोटोंकडे ओढा वाढलाय. वस्तू ओळखू आली नाही तरी चालेल, पण रेषा, रंग आणि पोत यांवर नजर खिळली पाहिजे. अडचण ही की घरात फिरले तरी मला खुर्चीत खुर्चीच दिसते. ५० मिमीची लेन्स आणि पोलरायझर (ठरावीक दिशेत कंपणारा उजेडच आत सोडणारा फिल्टर) आहे, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं काढायची) नाही. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
आधी उजेड कुठे पडतोय ते बघा, वस्तू मग आपोआप सापडते. अमेरिकी छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी १९१६ साली घरातली वाडगी आणि व्हरांड्यातल्या कठड्याच्या सावल्या एवढ्यावरच अमूर्त छायाचित्रं केली.

आज रात्री खोलीत अंधार करा आणि टॉर्च भिंतीला जवळपास टेकवून उजेड आडवा सोडा. सपाट वाटणाऱ्या भिंतीवर ब्रशचे फटकारे, बुजवलेली भोकं, पोपड्यांच्या कडा, सगळं वर येतं. टॉर्च थोडी हलवली तरी चित्र बदलतं. त्या एका हातभर भिंतीवर तासभर काढाच.

आणि ओळख पटवणारी खूण चौकटीबाहेर ठेवा: स्क्रू, कपाचा कान, विशेषतः अक्षरं. अक्षर दिसलं की डोळा वाचायला लागतो.

प्रतिसाद २
पोलरायझर आहे ना, मग हे कराच! एलसीडी स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा. त्या स्क्रीनचा उजेड मुळातच ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा असतो, त्यामुळे लेन्सवरचा फिल्टर फिरवत गेलात की एका कोनात स्क्रीन काळी पडते. आता मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, चमचा किंवा सीडीची डबी धरा. काळ्यावर जांभळे, हिरवे, केशरी पट्टे उमटतील. साच्यात घडताना प्लॅस्टिकमध्ये जो ताण अडकून राहतो, तो असा रंगांतून दिसतो. कोपऱ्यांत आणि प्लॅस्टिक जिथून साच्यात ओतलं जातं त्या बिंदूपाशी पट्टे सर्वात दाट असतात, तिथेच फोकस करा.

प्रतिसाद ३
वरच्या दोन्हींना +१. मॅक्रो लेन्सची घाई नको, एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) घ्या. ५० मिमीला २५ मिमीची ट्यूब लावली की वस्तू सेन्सरवर जवळपास निम्म्या आकाराची उमटते, एवढं भरपूर झालं. पाण्यावर तेलाचे थेंब सोडायचे असतील तर रंगीत कागद काचेच्या भांड्याखाली वीतभर अंतरावर ठेवा. चिकटून ठेवला तर कागदाचे तंतूही दिसतात आणि मजा जाते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार! पट्टीचा प्रयोग लगेच करून बघितला, पट्टीच्या छिद्राभोवतीचे रंगीत पट्टे बघून थक्क झाले. आता भिंतीचं विचारते: कृष्णधवल करू की रंगीतच ठेवू?

प्रतिसाद १
पोत हाच विषय असेल तर कृष्णधवल. अमेरिकी छायाचित्रकार ॲरन सिस्किंड यांची सोललेल्या रंगाची आणि फाटक्या पोस्टरांची छायाचित्रं जरूर बघा, रंग नसल्यामुळे त्यांतले आकारच बोलतात. गंजाचं मात्र उलट आहे, तिथे तो नारिंगी काढून टाकला तर फारसं काही उरत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, म्हणजे निर्णय नंतर घेता येईल.