'असर्टिव्ह'ला मराठीत काय म्हणाल? (भीड, ठामपणा आणि 'बघतो')

धागाकर्ती: एका बँकेसाठी कर्मचारी मूल्यमापनाचा फॉर्म मराठीत करतेय. एका रकान्यात 'असर्टिव्ह आहे का?' असं विचारलंय. आधीच्या अनुवादकाने 'आग्रही' लिहिलंय. ते वाचलं की मला पंगतीत जिलबीचं ताट घेऊन मागे लागणारे यजमानच दिसतात. 'आक्रमक' तर नकोच, तो वर्तमानपत्रांनी विरोधी पक्षासाठी राखून ठेवलाय. आत्मविश्वासाला वेगळा रकाना आहे. काय सुचवाल?

चहाबाज: ठाम. विषय संपला.

जुनी वही: इतक्यात नका संपवू हो. मत ठाम असतं, नकार ठाम असतो. 'ठाम माणूस' म्हटलं की मला थोडा हेकटपणाचा वास येतो. मी 'निर्भीड' सुचवणार होतो, पण तो हल्ली पत्रकारांच्या सत्कारातच ऐकू येतो, तोही हिंदीतल्या 'निर्भीक'च्या अर्थाने. निर्भीडमध्ये भीती नाही, भीड आहे. साहेब चांगले आहेत, त्यांची भीती अजिबात वाटत नाही, तरी तोंडावर 'नाही' म्हणवत नाही, ती भीड. समोरच्याच्या वयाची, हुद्द्याची, कधी नुसत्या ओळखीची. म्हणून तर मामांची 'भीड घालून' कामं करून घेता येत. वशिल्याचीच बहीण म्हणा. भिकेची बहीण तर ती आहेच.

असर्टिव्हला आपल्याकडे नेमका शब्द नसेल, पण त्याच्या आड काय येतं त्याला आहे. आणि ते गेलं की काय होतं त्यालाही: भीड चेपणे. मोडणे नव्हे, चेपणे. नव्या सुनेची चेपते, नव्या कारकुनाची चेपते, रोज थोडी थोडी.

नाइट शिफ्ट: शुक्रवार, संध्याकाळचे सहा. बॅग खांद्यावर आहे. सीनियर येतो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो. "जरा एवढं बघशील का?" 'जरा' आणि 'एवढं' मिळून चार तासांचं काम असतं. आणि मी काय म्हणतो? "बघतो." माझ्या मते मी नकार दिलेला असतो. त्याच्या मते मी होकार दिलेला असतो. सोमवारी दोघंही नाराज.

घाटावरची: +१. 'बघतो'वर एक स्वतंत्र धागा काढा कुणीतरी! गंमत अशी की मराठीत याचं उत्तर व्याकरणातच आहे. 'मी करणार नाही' म्हटलं तर भांडण. 'मला जमणार नाही' म्हटलं की तोच नकार, पण त्यातला 'मी' कर्त्याच्या जागेवरून उठून बाजूला बसतो. ऐकणाऱ्याला लागत नाही आणि अर्थ तर पक्का राहतो. फक्त पुढे 'बहुतेक' जोडायचं नाही. 'बहुतेक जमणार नाही' म्हणजे पुन्हा 'बघतो'च.

नागपुरी संत्रं: आमच्याकडे "नाही जमून राहिलं ना भाऊ" म्हणतात. 'ना भाऊ' काढलं तर भांडण, ठेवलं तर चहा.

लेखणी: एक वेगळा मुद्दा. शब्द कोणता निवडता यापेक्षा तो कुणाला लावता ते बघा. मीटिंगमध्ये तारीख मान्य नाही असं पुरुषाने सांगितलं तर तो रोखठोक, सडेतोड, झालंच तर बाणेदार. तेच मी सांगितलं तेव्हा माझ्या वाट्याला 'फटकळ' आलं. तेही कौतुकाच्या सुरात! 'तोंडाळ' आणि 'आगाऊ' रांगेत उभेच असतात. बाणेदार बाई असं कुणाच्या तोंडून कधी ऐकलंत?

चहाबाज: खरंय ताई. मी स्वतः 'फटकळ' वापरलाय. बायकांसाठीच.

जुनी वही: मग फॉर्ममध्ये असा एक शब्दच नको. माणसाला विशेषण चिकटवण्यापेक्षा कृती विचारा: 'आपलं म्हणणं भीड न बाळगता, पण समोरच्याचा मान राखून मांडतात का?' लांब आहे, पण भरणाऱ्याला कळेल.

धागाकर्ती: हेच घेते. रकान्यात मावत नाही, टाइप लहान करावा लागेल. जाता जाता, बँकेच्या साहेबांनी आत्ताच आणखी बारा पानं पाठवलीत, 'जरा एवढं सोमवारपर्यंत'. मी लिहिलं, 'सोमवारपर्यंत जमणार नाही, बुधवारी देते.' लगेच 'ओके' आलं.

नाइट शिफ्ट: इतक्या लगेच आलं म्हणजे गुरुवार सांगायला हवा होता.