दिवाळीचा बोनस: साडी वेगळी, पगार वेगळा

साडी आणि मिठाई दिली की घरकामाच्या मावशींना वेगळा बोनस देण्याची गरज नाही, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला पटत नाही. १९६५च्या बोनस कायद्याने वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी साधारण एका महिन्याचा पगार, हे प्रमाण घालून दिले. तो घरकामासाठी केलेला नसला, तरी जो हिशेब आपण स्वतःसाठी रास्त मानतो तोच मावशींना नाकारणे अन्यायाचे आहे. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्यांना अर्धा पगार द्यावा. रक्कम वसुबारसेच्या आठवडाभर आधी हातात पडावी, कारण मुलांचे कपडे, फराळाचे तेल-बेसन आणि गावी जाण्यासाठी एसटीचे तिकीट ही सगळी जुळवाजुळव तेव्हाच करावी लागते. वर्षभरातली उचल मात्र या रकमेतून कृपया वळती करून घेऊ नये.