जुन्या आलिशान गाडीचे टायर : मूळ मापाचेच घ्यावेत की मोठ्या रिमवर जावे?

संथगती :
माझ्याकडे १९८३ सालची मर्सिडीज ५०० एसईएल आहे. ती वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. टायर बदलायची वेळ आली आहे आणि ज्याला विचारावे तो ‘सोळा इंची अलॉय घाला आणि मोकळे व्हा’ असेच सांगतो. मला हा सल्ला पटत नाही. का पटत नाही ते मांडतो. विरुद्ध मत असणाऱ्यांनी ते अवश्य खोडून काढावे.

ही गाडी कारखान्यातून २०५/७० आर १४ मापाच्या टायरवर बाहेर पडली. रुंदी २०५ मिलिमीटर, तिच्या ७० टक्के, म्हणजे सुमारे १४३ मिलिमीटर उंचीची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आणि १४ इंची रिम. मला सुचवले जाणारे माप आहे २०५/५५ आर १६, ज्यात साइडवॉल ११३ मिलिमीटरवर येते. रस्ता आणि रिम यांच्यामधली रबराची व हवेची गादी तब्बल तीन सेंटिमीटरने कमी होते. त्या काळच्या अभियंत्यांनी स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रबरी बुश ठरवले ते ही गादी हिशेबात धरूनच. काँक्रीटच्या रस्त्यावरच्या सांध्यांची जी बारीक, जलद खटखट असते ती स्प्रिंगेला पुरतेपणी कधीच शोषता येत नाही, कारण तिच्यासाठी अख्खे जड चाक वरखाली हलावे लागते. ती खटखट टायरनेच गिळायची असते. या गाडीच्या मागच्या सीटवर बसल्यावर जो निवांतपणा मिळतो, त्यातला मोठा वाटा त्या फुगीर साइडवॉलचा आहे. ती कापायची आणि मग ‘आता गाडी पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणून सस्पेन्शनवर खर्च करत बसायचे, यात कसले शहाणपण?

चारचाकी :
आपण बसण्याबद्दल बोलत आहात, मला थांबण्याबद्दल बोलायचे आहे. सोळाशे किलोंहून जड गाडी ओल्या रस्त्यावर कमीत कमी अंतरात थांबवणे हे टायरचे पहिले काम आहे आणि मागच्या सीटचा निवांतपणा त्यानंतर येतो. मिशलॅनने १९९२ मध्ये सिलिका मिसळलेले रबर बाजारात आणले आणि त्यानंतर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे गणितच पालटले. आज कोणतीही मोठी कंपनी आपले उत्तम रबर प्रथम सोळा इंच आणि त्यावरच्या मापांत देते, कारण आजच्या मोठ्या गाड्या त्याच मापांवर चालतात. चौदा इंचात जे उरले आहे त्यातले बरेचसे लहान, हलक्या गाड्यांसाठी किंवा मालवाहू व्हॅनसाठी केलेले आहे.

आणखी एक. आपल्या गाडीचे मूळ टायर ‘व्हीआर’ दर्जाचे होते, म्हणजे ताशी २१० किलोमीटरच्या वरच्या वेगासाठीचे. दुकानात चौदा इंची टायर मागितला की सहसा ‘टी’, म्हणजे १९० पर्यंतचा, नाहीतर ‘एच’, म्हणजे २१० पर्यंतचा पुढे येतो. मूळ माप जपण्याच्या नादात आपण मूळ दर्जा सोडणार असाल, तर जपले काय? राहता राहिला व्यास. आपले मूळ चाक ६४३ मिलिमीटर आणि २०५/५५ आर १६ चे ६३२. पावणेदोन टक्क्यांचा फरक, स्पीडोमीटरला तो जाणवणारही नाही.

मूळप्रत :
चारचाकी यांच्या प्रतिसादात एक समजूत गृहीत धरलेली आहे : जुने माप म्हणजे जुने रबर. ती चूक आहे. जुन्या गाड्यांसाठी टायर करणाऱ्या कंपन्या बाहेरची नक्षी आणि साइडवॉलचा आकार जुना ठेवतात, पण आतले मिश्रण आजचे वापरतात. पिरेलीचे चिंतुराटो आणि मिशलॅनचे एक्सडब्ल्यूएक्स अशाच रीतीने आजही मिळतात. हे व्हॅनचे टायर नव्हेत. ४५० एसईएल ६.९ ही मर्सिडीज त्या काळी एक्सडब्ल्यूएक्सवरच धावत असे, २१५/७० व्हीआर १४ मापात.

टायर हा गाडीचा भाग आहे की वापरून फेकायची वस्तू, हा खरा वाद आहे. १९६८ मध्ये जॅग्वार एक्सजे६ आली तेव्हा तिच्यासाठी डनलॉपने खास टायर विकसित केला. गाडी आणि टायर हे एकाच वेळी, एकमेकांकडे पाहून घडले. अशा गाडीच्या चाकात हाताला येईल ते रबर चढवणे म्हणजे सतारीला गिटारच्या तारा लावण्यासारखे आहे.

मापाच्या वाचनातही लोक फसतात. जुन्या टायरवर नुसते ‘१८५ एचआर १४’ असे लिहिलेले असते, टक्केवारी नसते. ती साधारण ८० धरायची. माझ्या एका परिचितांनी टक्केवारी कुठे दिसत नाही म्हणून सरळ १८५/७० आर १४ आणले. चाकाचा व्यास ६५२ वरून ६१५ मिलिमीटरवर आला, गाडी जवळपास दोन सेंटिमीटर खाली बसली आणि स्पीडोमीटर शंभर दाखवी तेव्हा खरा वेग चौऱ्याण्णवच्या आसपास असे. तीन महिने ते इंजिन आवाज का करते याचा शोध घेत होते.

कोरडारस्ता :
आतापर्यंत माप झाले, दर्जा झाला, नक्षी झाली; वयाचे कोणीच नाव काढले नाही. संथगती, आपल्या टायरच्या साइडवॉलवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बऱ्याचदा हे अंक टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी गाडीच्या आत गेलेली असते, तेव्हा टॉर्च घेऊन आडवे व्हावे लागेल.

हे सांगण्याचे कारण स्वानुभव आहे. माझ्या जुन्या गाडीचे टायर अकरा वर्षांचे होते, नक्षी जवळजवळ नव्यासारखी. ताशी नव्वदच्या वेगात मागच्या चाकाचा वरचा पट्टा सुटला. प्रथम स्टिअरिंगमध्ये नव्हे तर सीटमध्ये थरथर जाणवली, मग धपधप आवाज, आणि गाडी बाजूला घेईपर्यंत त्या पट्ट्याने मडगार्डची आतली कड वाकवून टाकली होती. रबरात ओझोनपासून बचाव करणारे मेणासारखे द्रव्य असते. टायर फिरतो, दबतो, वाकतो तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीत ते येत नाही. म्हणून रोज पळणाऱ्या टॅक्सीपेक्षा आच्छादनाखाली जपलेल्या गाडीचा टायर आधी तडकतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

यातून निवडीचा सरळ हिशेब निघतो. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी गाडी चाळीस हजारांचा टायर संपवायला वीस वर्षे घेईल आणि मिशलॅनसारखी कंपनीसुद्धा दहा वर्षांनंतर टायर काढून टाका असे सांगते. मग दीर्घकाळ टिकणारे कडक रबर आपण का विकत घ्यायचे? मऊ रबराचा, चांगल्या पकडीचा आणि ताज्या तारखेचा टायर घ्यावा. मूळप्रत यांनी सुचवलेले टायर थोड्या संख्येने बनतात, त्यामुळे ते गोदामात किती काळ पडून होते हे पैसे देण्याआधी विचारावे.

संथगती :
टॉर्च घेऊन आडवा झालो. ‘०९११’. म्हणजे २०११ सालचा नववा आठवडा. टायर काढून टाकायचे यावर आता माझा वाद नाही. चारचाकी यांचा दर्जाविषयीचा मुद्दाही मान्य. मात्र सोळा इंचाला माझा विरोध तसाच आहे. सिलिकाने पकड वाढते, तीन सेंटिमीटरची हवा परत येत नाही.

तिरकसनजर :
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरत आहेत : हा प्रश्न मर्सिडीजने स्वतःच सोडवून ठेवला आहे. १९८५ मध्ये याच मालिकेची सुधारित आवृत्ती आली तेव्हा कंपनीने चौदा इंच सोडून पंधरा इंची चाके आणि २०५/६५ आर १५ टायर दिले. साइडवॉल १३३ मिलिमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा फक्त एक सेंटिमीटर कमी. व्यास सुमारे ६४७, फरक पाऊण टक्का. या मापात ‘व्ही’ दर्जाचे, ९४ भारांकाचे टायर मिळतात, म्हणजे प्रत्येक चाकाला ६७० किलो. मात्र रिम त्याच मालिकेच्या गाडीची घ्या आणि तिच्या पाठीवर कोरलेला ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसते त्याचा, आकडा आपल्या मेकॅनिकला दाखवा. दिसायला सारखी असलेली दुसऱ्या मर्सिडीजची रिम बसेलच असे नाही.

मूळप्रत :
१९८३ च्या गाडीला १९८५ नंतरची चाके! जाणत्या माणसाला ते लांबूनच दिसेल.

तिरकसनजर :
दिसू द्या. ज्यांची गाडी टीआरएक्स या मिशलॅनच्या वेगळ्या मापाच्या टायरवर आली त्यांचे दुःख पाहा : ३९० मिलिमीटरची रिम, म्हणजे १५.३५ इंच, आणि टायरची कडही वेगळ्या घडणीची. त्यांना साधा पंधरा इंची टायर चढवताच येत नाही, चढवू नयेच. आपल्याला उत्पादकाने दार उघडे ठेवले आहे, तर उंबऱ्यावर का अडून बसायचे?

चारचाकी :
पंधरा इंचाला माझी हरकत नाही, ‘व्ही’ दर्जा राखला तर. ‘मी शंभरच्या वर जातच नाही’ असे कोणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो : हा दर्जा वेगाइतकाच उष्णता सोसण्याचाही आहे, आणि भर उन्हात, पाच माणसे व सामान घेऊन, दोन पौंड कमी हवेवर धावणारा टायर शंभरच्या वेगातही तापतो.

कोरडारस्ता :
एक राहिले. पाच रिम घ्या, चार नव्हे. आणि संथगती, स्टेपनीची तारीख पाहिलीत का?

संथगती :
आता पाहिली. चार नाही, तीनच अंक आहेत : ‘१५३’. २००० सालाआधी तीनच अंक छापत. नव्वदच्या दशकातल्या अंकांनंतर बहुधा छोटा त्रिकोण असे, इथे तो नाही. म्हणजे १९८३ सालचा पंधरावा आठवडा. गाडीसोबत कारखान्यातून आलेला टायर, चाळीसहून अधिक वर्षे डिकीत, एकदाही रस्त्याला न लागलेला. नक्षीवरचे केसासारखे रबरी तंतू अजून तसेच आहेत आणि त्यांच्या मुळाशी नखाने दाबले की बारीक भेगा उघडतात.

पंधरा इंची पाच रिम शोधायला सांगितल्या आहेत.

मूळप्रत :
तो टायर रिमवरून उतरवू नका. प्रदर्शनाच्या दिवशी डिकी उघडी ठेवायची असते.

कोरडारस्ता :
ठेवा, पण त्यावर खडूने ‘वापरू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहा. रात्री पंक्चर झाल्यावर जॅक लावणारा माणूस आपणच असाल असे नाही.