प्रतिसाद: आधी घड्याळ बघा, मग राग

ताई, १३ वर्षांचा मुलगा क्लासहून आल्यावर मोबाइल काढून घेतला की दप्तर भिरकावतो, असं तुम्ही लिहिलंय. सकाळची शाळा, मग ऐरोलीहून वाशीचा क्लास, डबा अर्धा तसाच. रात्री साडेआठला घरात शिरणारं मूल भुकेलं असतं. दारातच 'टेस्टचं काय झालं?' नको. हातात पोळीचा रोल द्या, २० मिनिटं काही विचारू नका.

मोबाइल हिसकावलात की ठिणगी पडलीच. १० मिनिटं आधी सांगा. वेळ झाली की त्यानेच तो हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा. तरी भडकला तर तेव्हा समजावणं वाया जातं. आवाज खाली, वाक्य छोटं: "चिडलायस, कळतंय मला. पण फेकायचं नाही." ओरडला म्हणून मोबाइल परत मात्र देऊ नका, एकदा दिलात की ओरडल्यावर मिळतो हे तो पक्कं शिकतो.

दोन आठवडे वहीत तीन रकाने भरा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग तुम्ही काय केलंत. तिसरा रकाना लोक गाळतात, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. झोपही लिहा, या वयाला ८ ते १० तास लागतात.

मारहाण, स्वतःला इजा किंवा मरणाची भाषा असेल तर दोन आठवडे थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.