विषय: शनिवारचा उपांत्य सामना आणि डॉक्टरांचे पत्र

प्रेषक: मिलिंद (क्रीडा समिती)

नमस्कार मंडळी,
गेल्या शनिवारी निळ्या संघाच्या फ्लॅग फुटबॉल (कमरेची पट्टी ओढून अडवायचा, धक्काबुक्कीविना अमेरिकन फुटबॉल) सामन्यात दोन मुलांची टक्कर होऊन आपल्या एका मुलाच्या डोक्याला मार लागला, ते बहुतेकांनी पाहिलेच आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही. अडचण एवढीच आहे की डॉक्टरांचे लेखी पत्र मिळाल्याखेरीज मला त्या मुलाला उपांत्य सामन्यात उतरवता येत नाही आणि त्याच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची आहे. निवृत्त डॉक्टर असलेल्या शरदकाकांनी दोन ओळी लिहून दिल्या तर चालेल का? पत्र देणारे डॉक्टर स्वयंसेवक असले तरी आपल्या वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याला ते मान्य आहे.

प्रेषक: नितीन

मिलिंद, ‘तो मुलगा’ आमचाच असल्यामुळे स्पष्ट लिहितो. तो बेशुद्ध पडला नव्हता, त्याला उलटी झाली नाही आणि त्याच रात्री काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये काहीही आढळले नाही. सोमवारी दुपारी डोके दुखू लागल्याने त्याला शाळेतून लवकर आणावे लागले, पण आदल्या रात्री त्याची झोपच झाली नव्हती. आज बुधवारी तो पूर्ण दिवस शाळेत बसला. गेल्या वर्षी कर्णधाराचा घोटा सुजलेला असताना त्याला खेळवले गेले, तेव्हा कोणी पत्र मागितल्याचे मला आठवत नाही.

प्रेषक: शरद

चि. नितीन, चि. मिलिंद,
मी पत्र देणार नाही. निवृत्तीनंतर मी परवान्याचे नूतनीकरण केलेले नाही आणि कायद्याला परवानाधारक, शिवाय कन्कशनच्या (डोक्याला झटका बसून मेंदूला होणाऱ्या इजेच्या) तपासणीचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हवी आहे.

परंतु पत्र हा येथे खरा अडसर नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा कवटीचे हाड मोडले आहे का, हे पाहण्यासाठी काढतात. कन्कशनमध्ये तो बहुधा निर्दोषच येतो आणि बहुसंख्य मुले बेशुद्धही पडत नाहीत. सोमवारची डोकेदुखी तू झोपेवर ढकललीस, पण झोप बिघडणे हेही कन्कशनचे एक लक्षण आहे. खेळाकडे परतण्याच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत: प्रथम शाळेचा नेहमीचा दिवस, मग हलका व्यायाम, मग मध्यम, मग धक्काबुक्कीविरहित जोरदार सराव, त्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान 24 तास द्यावे लागतात आणि लक्षणे परतली तर थांबून, विश्रांतीनंतर आधीच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करावी लागते. आज पहिली पायरी झाली असे धरले, तरी सामन्याची पायरी सोमवारच्या आधी येत नाही. शनिवारी सकाळी कोणी दहा पत्रे आणून दिली, तरी हा हिशेब बदलणार नाही.

प्रेषक: गिरीश (पंच समिती)

यावर कायमचा उपाय म्हणून मंडळाने सर्व मुलांसाठी हेल्मेट घ्यावीत, असे मी गेल्या सभेतच सुचवले होते.

प्रेषक: अंजली (खजिनदार)

गिरीश, खरेदीचे प्रस्ताव अर्थसमितीकडे लेखी यावेत, ही विनंती मी पुन्हा करते. शिवाय हेल्मेटमुळे कवटी वाचते, पण डोक्याला झटका बसला की मेंदू आतल्या आत हलतोच आणि कन्कशन त्यानेच होते. हेल्मेट असूनही मुलांचे अमेरिकन फुटबॉल सामने भरवणाऱ्या पॉप वॉर्नर या संस्थेने 2012 मध्ये सरावातल्या धडका कमी केल्या आणि 2016 मध्ये सर्वांत लहान गटांचे किकऑफ (चेंडूला लांब लाथ मारून खेळ सुरू करणे) बंद केले. आपल्याकडे टक्कर झाली ती दोन मुले एकाच चेंडूवर खाली मान घालून धावल्यामुळे. ती सवय सरावात मोडायला पैसे लागत नाहीत.

प्रेषक: नितीन

काका, हिशेब समजला. पण मंगळवारपर्यंत त्याला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवायचे का? शेजारी तसेच सांगत आहेत.

प्रेषक: मेधा

नितीन, मुळीच नको. आमच्या मुलीला बास्केटबॉलमध्ये लागले, तेव्हा आम्ही पडदे लावून तिला आठवडाभर कोंडून ठेवले होते, आणि डोकेदुखीपेक्षा एकटेपणानेच ती अधिक खचली. तेव्हाचा सल्लाच तसा होता. खेळातल्या कन्कशनवरील 2022 च्या ॲम्स्टरडॅम परिषदेनंतरचे मार्गदर्शन असे आहे की पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती घ्यावी, मोबाइल-टीव्हीसमोरचा वेळ कमी ठेवावा आणि मग चालण्यासारख्या हलक्या हालचालींना सुरुवात करावी. मात्र वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, बोलणे अडखळणे किंवा हलवूनही जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर मंगळवारची वाट न पाहता 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

प्रेषक: वृंदा (सचिव)

घोट्याशी केलेली तुलना मला पटली नाही, म्हणून लिहिते. शाळेचे मैदान घेताना आपण एका निवेदनावर सही केली आहे. डोक्याच्या दुखापतीचे नियम पाळण्याची हमी दिल्याशिवाय मंडळासारख्या संस्थेला ते मैदान मिळत नाही. 2009 चा हा कायदा आपल्याच राज्यातल्या झॅकरी लिस्टेड याच्या नावाने ओळखला जातो. 2006 मध्ये तेरा वर्षांच्या या मुलाला डोक्याला मार लागल्यावर थोड्याच वेळात पुन्हा खेळवले गेले, सामना संपताच तो कोसळला आणि त्याच्या मेंदूवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. नुसता संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचे, असे कायदा म्हणतो. पालकांच्या सह्यांचे माहितीपत्रक दरवर्षी नव्याने घ्यावे लागते आणि क्रीडा समितीकडून या वर्षीचे सात कागद अजून माझ्याकडे आलेले नाहीत.

प्रेषक: मिलिंद

वृंदाताई, कागद उद्या पोहोचतील. नितीन, मुलाला शनिवारी संघासोबत बसायला जरूर आण, पण त्याला गणवेश घालू नकोस, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत मोह होईल, त्याला नव्हे, आपल्यालाच. राहता प्रश्न असा की मुलाला बाहेर काढण्याचा निर्णय मैदानावर कोणी घ्यायचा.

प्रेषक: गिरीश

तो अधिकार पंचांचा आहे.

प्रेषक: मिलिंद

गिरीश, पंचांनी काढावेच, पण त्यांची नजर चेंडूवर असते आणि गेल्या शनिवारी तो मुलगा चुकीच्या बाजूला धावू लागला, हे प्रथम पाणी देणाऱ्या मुलींनी पाहिले. दोन्ही संघांत ज्यांचे मूल नाही अशा एका व्यक्तीने रेषेवर उभे राहावे आणि तिने बाहेर काढलेल्या मुलाला त्या दिवशी कोणीही परत आत घेऊ नये. तयार असलेल्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत मला कळवावे.