मुलांच्या हाती आग सोपवताना : आपले अनुभव

हुरडा आणि पोपटीच्या (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या) दिवसांत मुले आगीभोवती असतातच. आग पेटवण्याचे आणि विझवण्याचे काम आपण त्यांना कसे शिकवले, हे सविस्तर लिहावे.

सोलापूर जिल्ह्यातील आजोबा : हुरड्याची आगटी लावण्याआधी मी नातवंडांना वारा कुठून येतो ते पाहायला लावतो आणि ज्वारीच्या ताटांपासून लांब, गवत-पाचट मातीपर्यंत खरडून काढलेल्या जागीच खड्डा करू देतो. गोवऱ्या रचताना मध्ये हवेला वाट ठेवायची आणि जाळ ओसरून निखारे झाल्याखेरीज कणसे खुपसायची नाहीत. हे थांबणे थोरल्या नातीला फार जड जाई. आता तीच धाकट्यांना मागे सारते.

अलिबाग तालुक्यातील आई : भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरलेले मडके उपडे ठेवून भोवती पेंढा रचला की आग एकदम भडकते, म्हणून पेटवणे आम्ही मोठ्यांकडेच ठेवतो. सरपण मात्र मुले जमवतात. काटकी कट्‌कन मोडली तर सुकी, नुसती वाकली तर ओली आणि धूर करणारी, हे त्यांना हाताने कळते. कण्हेरीचा धूरही विषारी असल्याने ते झाड आधी ओळखायला शिकवले. अंगावर सुती कपडेच हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

मुलांना सह्याद्रीत नेणारा मार्गदर्शक : राखीव वनात आग पेटवणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे मी मुलांना पहिल्यांदा सांगतो आणि सराव गावकऱ्यांच्या परवानगीने मोकळ्या रानात घेतो. चुलीला ओढ्यातले दगड घेऊ देत नाही, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. माझा सर्वाधिक वेळ विझवण्यावर जातो : पाणी ओतायचे, काठीने राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचे आणि तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन धग उरली आहे का ते पाहायचे. वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली तासन्‌तास निखारा राहतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेल्या गवतात तेवढ्यानेही वणवा लागतो. ज्या मुलाला नीट विझवता येत नाही, त्याच्या हाती मी काडेपेटी देत नाही.

शिक्षिका, नाशिक : भाजल्यास टूथपेस्ट किंवा हळद न लावता तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचा, याचा सराव आम्ही आग पेटवण्याआधीच करून घेतो.