मदत हवी आहे : ऑटोकॅडमध्ये षट्कोनी जाळी झटपट कशी भरावी?

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान कारखान्यात मी ऑटोकॅड या संगणकावर आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंगचे काम करतो. खानापूरच्या एका घराच्या व्हरांड्यासाठी २४४० × १२२० मिमीच्या पत्र्यावर लेझरने षट्कोनी जाळी कापून द्यायची आहे. भोकाच्या समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर २० मिमी आणि दोन भोकांमधली पट्टी ५ मिमी ठरली आहे.

मी षट्कोनांची एक आडवी ओळ तयार केली, दुसरी ओळ अर्ध्या घराने सरकवून तिच्याखाली ठेवली आणि ही जोडी पत्रा भरेपर्यंत कॉपी करत गेलो. डाव्या-उजव्या कडेला अर्धवट भोके आली, ती एकेक ट्रिम करण्यात अख्खी दुपार गेली. ओळींमधले अंतर २१.६ धरल्यामुळे खालची कड वरच्यापेक्षा अडीच मिलिमीटरांनी रुंद झाली. त्याहून वाईट म्हणजे एक जोडी आधीच्या जोडीवरच पडली. पडद्यावर ती एकच रेघ दिसते, पण लेझरवाल्यांनी फोन करून कन्नडमध्ये विचारले, की तेच भोक दोनदा का कापायला लावता? आता गिऱ्हाइकाला पट्टी ४ मिमी हवी आहे, म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून. बेळगावच्या किल्ल्यातील कमळ बस्ती या जैन मंदिराच्या छतावर आहे तसे वर्तुळाकार कमळ असते तर एक पाकळी, वर्तुळात प्रती मांडणाऱ्या पोलर अ‍ॅरेने फिरवून मी मोकळा झालो असतो. या जाळीला तसा काही उपाय आहे का?

प्रतिसाद :

आपण पत्रा भरत सुटलात, घोळ तिथेच झाला. आधी पूर्ण भोके किती बसतात ते काढावे आणि उरलेली जागा चौकटीला द्यावी. भोकांचे मध्य २५ मिमीवर असल्याने ९६ भोकांची ओळ २३९५ मिमी होते, दोन्ही बाजूंना २२.५ मिमी उरतात. सरकलेल्या ओळीत ९५ च भोके ठेवावीत, म्हणजे ट्रिम करण्यासारखे काही राहतच नाही.

शेजारच्या तीन भोकांचे मध्य समभुज त्रिकोण करतात, म्हणून ओळींमधले अंतर २१.६ नसून २१.६५०६ आहे. एका षट्कोनाचा ब्लॉक (एकदा बदलला की सगळ्या प्रती बदलतात अशी आकृती) करावा. त्याच्या उभ्या बाजू डावी-उजवीकडे असाव्यात. त्यावर ९६ स्तंभ आणि २७ ओळींचा रेक्टँग्युलर अ‍ॅरे द्यावा, स्तंभांतील अंतर २५ आणि ओळींतील ४३.३०१३ (खाली जायचे असल्याने उणे). मग तोच ब्लॉक पहिल्या भोकापासून २५ मिमीवर, ३०० अंशांच्या कोनात कॉपी करून ९५ स्तंभ व २६ ओळींचा दुसरा अ‍ॅरे द्यावा. वर-खाली साधारण ३५.५ मिमी उरतात. पट्टी ४ मिमी करायची असेल तर ब्लॉक उघडून षट्कोन २१ मिमीचा करावा. अंतरे तीच राहतात आणि सगळी भोके एकदम बदलतात. जुनी फाइल वापरायचीच असेल तर ओव्हरकिल कमांड एकावर एक पडलेल्या रेघा काढून टाकते, पण माझ्या मते ती फाइल सोडूनच द्यावी.

धागाकर्ता :

आपले आभार. दहा मिनिटांत ५०६२ भोके बसली, आणि पट्टीचा बदल तर चहा येण्याआधी झाला. मात्र डीएक्सएफ (ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची फाइल) पाठवल्यावर लेझरवाल्यांच्या पडद्यावर नुसती चौकट दिसते, भोके नाहीत.

प्रतिसाद :

त्यांचे सॉफ्टवेअर अ‍ॅरे आणि ब्लॉक वाचत नसावे. फाइलची वेगळी प्रत करून तिच्यात दोनदा एक्सप्लोड द्यावे : पहिल्यांदा अ‍ॅरे सुटून ब्लॉक उरतात, दुसऱ्यांदा ब्लॉक सुटून बंद पॉलीलाइन (सलग जोडलेल्या रेघा) मिळतात. त्या प्रतीचाच डीएक्सएफ पाठवावा. मूळ फाइलला मात्र हात लावू नये, गिऱ्हाईक अजून एकदा माप बदलणारच.